ताईच्या कमरेला बांधलेली ताकद

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. धंद्यानं मला असं केलं असं मी म्हणतो. बायको म्हणते, तुम्ही मुळातच असे, म्हणून हा धंदा जमला. भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या सुमारास मी अड्याळच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकानं मला पहिल्या झटक्यात खरं सांगितलेलं नाही. "काहीच नाही केलं भाऊ, आपोआप बंद पडला." उघडून पाहावं तर आत पाणी, नाहीतर घरच्याच कोणीतरी पेचकस फिरवून ठेवलेला. टीव्हीचे दिवस गेले, मोबाइल आले, पण आपोआप बंद पडण्याची साथ काही गेली नाही. त्यामुळे कोणी काही चांगलं सांगू लागलं की माझं लक्ष आधी झाकणाच्या स्क्रूकडे जातं.

एका वर्षी धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर नागपूरचे दोन इंजिनिअर माझ्या दुकानात आले. एक उंच मुलगा आणि एक चष्म्याची मुलगी, दोघंही पंचविशीच्या आतबाहेरचे. त्यांच्या मशीनची एक वायर प्रवासात निघाली होती आणि त्यांना कथलाचा डाग लावून हवा होता. मुलानं टेबलावर जे ठेवलं ते मला घोड्याच्या खोगिरासारखं दिसलं. कमरेला रुंद पट्टा, मांड्यांना दोन पट्टे, पाठीवर रबराच्या जाड पट्ट्या आणि मागे डब्यात छोटी मोटर नि बॅटरी.

"यानं काय होते?" मी विचारलं.

"काका, हे घातलं की कंबर थकत नाही. माणूस वाकला की मशीनला कळतं, ते त्याला मागून आधार देतं. साठीची बाई विशीच्या पोरीसारखं काम करेल." मग तो जरा पुढे वाकून म्हणाला, "सुपरहिरो फक्त पिक्चरमध्ये असतात असं वाटतं ना तुम्हाला? आता चिखलात दिसतील."

"अन् याचे घेता किती?"

"काहीच नाही. सध्या चाचणी आहे."

फुकट म्हटल्याबरोबर मी ते खोगीर उलटं करून पाहिलं. मला फुकटच्या गोष्टीचं पोट आधी पाहावं लागतं. डाग लावता लावता मी मनात म्हणत होतो की ही पोरं मशीन तपासायला आलेली नाहीत, आपल्या बायांना तपासायला आलेली आहेत. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, आसपासच्या गावात रोवणीची एखादी चांगली टोळी माहीत आहे का? आणि पंधरा दिवस सोबत राहून मशीनची देखभाल कराल का? मी हो म्हणालो. भरवसा बसला म्हणून नव्हे, जवळून पाहता येईल म्हणून.

टोळी माहीत होती, कारण ती माझ्या ताईची होती.

आमचं घर विणकराचं. बाबा मागावर बसायचे, आई कांड्या भरायची, आणि ताई नि मी तुटलेले धागे जोडत मोठे झालो. ताईला दिलं ते धानवाल्या घरी, अड्याळहून थोड्या अंतरावरच्या खेड्यात. लग्नाआधी तिनं कधी बांधीत, धानाच्या खाचरात, पाय घातला नव्हता. पण चार-पाच हंगामांत ती अशी तयार झाली की टोळीतल्या बाया तिच्या मागं चालू लागल्या. कोणत्या बांधीत कोणी कुठं उभं राहायचं, गाणं कोणतं लावायचं, मालकाला पाणी किती ठेवायला सांगायचं, सगळं तीच ठरवायची. गावातली माणसंसुद्धा तिच्याशी जपून बोलायची, आणि तिला ते आवडायचं.

मग तिची कंबर गेली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि वाकायचं नाही म्हणून सांगितलं. ती तरीही दोन हंगाम गेली. तिसऱ्या वर्षी धानमालक घरी येऊन चहा पिऊन म्हणाला, "बाई, आता आराम करा. लय केलं तुम्ही." माणूस वाईट नव्हता. पण ताईनं ते बोलणं असं ऐकलं की जणू तिला जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत बसवलं. पोराची नोकरी होती, सून चांगली होती, खायला कमी नव्हतं. "घरी बसून काय करू? कोंबड्या मोजू?" ती मला म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मी तिला क्वचितच रडताना पाहिलं आहे.

त्या खोगिराची गोष्ट मी तिला थट्टा म्हणून सांगितली होती. ती हसली नाही. "मले घाला म्हणाव ते," ती म्हणाली.

"ताई, ते काय माहीत काय हाय. उद्या तुह्या कमरेचा भुगा झाला त?"

"तू तुह्या मोबाइलात डोकं घाल. मले विचार त्या पोराईले."

पोरं तर खूशच झाली. अशीच बाई हवी होती त्यांना, अनुभवी आणि कंबर दुखणारी. धानमालकाला मशीनची गोष्ट सांगितल्यावर तोही म्हणाला, ठीक आहे, मशीन घालून येत असतील तर या हंगामात राहू द्या, पुढचं पुढं पाहू. म्हणजे ताईची टोळीतली जागा त्या मोटरीवर लटकली होती, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या दिवशी मशीन नव्हतं. पोरांना आधी ताईचा साधा वेग पाहायचा होता. त्यांनी एक लहान बांधी वेगळी काढली, ताईला एकटीला उतरवलं, मुलीनं मोजायची टेप धरली, मुलानं मोबाइल लावला. ताई एक तास रोवत होती. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होतो आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. दर पाच-सात चूड, म्हणजे रोपांचे झुबके, लावले की ती गुडघ्यावर हात ठेवून थांबायची. पाण्यात एकटी बाई किती लहान दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मशीन बांधलं. ताई म्हणाली, "एकटीनं हात नाही चालत माह्या. मले पातीत उभी राहू द्या." मुलगी जरा कचरली. पण मुलगा म्हणाला, बरंच आहे, शेतात जसं काम होतं तसंच पाहू. बायांची रांग लागली. आमच्याकडे रोवताना बाया मागे मागे सरकत जातात, आणि प्रत्येकीच्या समोर तिची पात असते, म्हणजे तिनं भरत न्यायचा पट्टा. ताई मधोमध उभी राहिली. गाणं सुरू झालं.

आणि ताई निघाली. मी खोटं सांगत नाही, ती रांगेच्या बरोबरीनं निघाली. कोणापेक्षा मागं नाही, कोणासाठी थांबणं नाही. मोबाइल धरलेला मुलगा धुऱ्यावर नाचायचा बाकी होता. जेवणाच्या सुट्टीत हिशेब केला, तर तिच्या पातीत तासाला कालच्या दुपटीच्या वर काम भरलं होतं. धानमालक स्वतः पाहून गेला आणि त्यानं ताईला हात जोडले. मुलानं तिथंच उभं राहून तिची फिल्म मोबाइलवर सगळीकडे पाठवून दिली. 'चिखलातली सुपरवुमन' असं काहीतरी त्यानं वर लिहिलं होतं. ताई लाजली, पण कंबर ताठ ठेवून लाजली.

मला अजिबात पटलं नाही.

माझे बाबा सांगायचे, घरात विजेचा दिवा आला तेव्हा सगळे म्हणाले की आता विणकराचे डोळे वाचतील. त्याआधी सूर्य मावळला की माग थांबायचा. दिवा आल्यावर थांबायला कारणच उरलं नाही. डोळे वाचले का नाही माहीत नाही, संध्याकाळ मात्र गेली. म्हणून माणसाला ताकद देणारं यंत्र आलं म्हटलं की मी विचारतो, ती ताकद राहणार कोणाकडे? पिक्चरमधल्या सुपरहिरोला कोणी वाढीव काम सांगत नाही. रोवणाऱ्या बाईला सांगतात.

बाया झाडाखाली शिदोऱ्या सोडत होत्या. ताईनं मशीन काढून माझ्याजवळ दिलं होतं, पुसून ठेव म्हणून. मी आडोशाला जाऊन डब्याचं झाकण काढलं. आज ही लबाडी उघडी पाडतोच, अशी माझी खात्री होती.

बॅटरी आणि मोटर यांच्यामधला प्लग निघालेला होता. मशीन मेलेलं होतं. ताई सकाळभर एका मेलेल्या खोगिराखाली रोवत होती आणि पोरं त्याची फिल्म काढत होती! मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग माझं लक्ष गेलं की प्लग ओढाताणीत सुटलेला नव्हता. कोणीतरी तो सरळ काढून, पाणी जाऊ नये म्हणून लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, वरून दोऱ्यानं बांधून पट्ट्याच्या आत खोचला होता. दोऱ्याची गाठ बारीक होती, चपटी, बोटाला लागू नये अशी. तुटलेला ताणा जोडताना विणकर मारतात ती गाठ. सगळ्या टोळीत ती गाठ येणारी एकच बाई होती, आणि मला ती गाठ तिनंच शिकवली होती.

मी झाकण लावलं आणि बांधीकडे गेलो. रोवलेलं धान पाहायला कोणी जात नाही, पण मी पाहिलं. ताईच्या हातचे चूड ओळखू येतात, ती जवळजवळ नि सरळ लावते. ते मला मधल्या पट्ट्यात दिसले. पण तो पट्टा बाकीच्या बायांच्या निम्माही रुंद नव्हता. दोन्ही बाजूंनी विरळ, जरा तिरके, दुसऱ्याच हातांचे चूड तिच्या पातीत आत घुसले होते.

मी ताईला बाजूला बोलावलं. तिच्या डावी-उजवीकडच्या दोघी बायाही न बोलावता मागून आल्या.

"प्लग कोणं काढला?" मी विचारलं.

"मी काढला," ताई म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. "काल रातच्याले मशीन माह्याच घरी होतं, सकाळी पोरं याच्या आधी बांधीत घालून पायलं मी. ते मले घडी घडी उभं कराले पायते. रोवणारीले उभी करून काय फायदा? पाय चिखलात फसते अन् हे मागून ओढते. पोतं उचलाले ठीक असंल. माह्या कामाचं नाही."

"मंग पोराईले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं त मशीन गेलं असतं. मशीन गेलं असतं त मी गेली असती. तुले कळते का नाही?"

"अन् तुही पात कोण रोवून राहिलं?"

उजवीकडची, चाळिशीची बाई पुढे आली. "तुमाले काय करायचं भाऊ? थकलेल्या बाईले मधात घेतेत, दोनी बाजूच्या तिची थोडी थोडी पात ओढून घेतेत. आतापासून थोडी हाय हे. माह्या बाळंतपणाच्या साली या बाईनंच मले मधात घेतलं होतं. तवा कोणं फिल्म नाही काढली."

आत्ता मला पोरांची चूक कळली, आणि ती चूक आमच्या भागात राहिलेल्या माणसाकडून झालीच नसती. काल ताई एकटी होती, आज रांगेत होती. त्या दोघांना वाटलं, दोन दिवसांमधला फरक म्हणजे मशीन. खरा फरक या दोघी होत्या. मालकापासून लपवायची म्हणून जी गोष्ट बाया कधी तोंडानं बोलत नाहीत, ती पोरांना टेप लावून कशी सापडणार?

"तू सांगशील त सांग," ताई म्हणाली. "पण पुढच्या साली मले बांधीत कोण उभी करंल ते बी सांगून ठेव."

मी पोरांवर संशय घेतला होता, त्यांच्या कंपनीवर, बॅटरीवर, धानमालकावर. ताईवर घ्यावा असं मला सुचलंही नव्हतं. त्याचा राग आला, आणि मी मशीन पुसायला घेतलं.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "काका, फोनमध्ये सकाळची नोंद कोरी दिसते. तुम्ही मशीन पाहिलं ना? नीट चाललं ना?"

"चाललं," मी म्हणालो. "नोंदीच्या भागात ओल गेली असंल."

तिनं विश्वास ठेवला. मी पंचवीस वर्षं ज्या गिऱ्हाइकांना हसत होतो, त्यांच्या रांगेत जाऊन बसलो.

पंधरा दिवसांत गावची रोवणी संपली. पोरांनी आणखी तीन मशीनं आणली आणि लाखांदूरकडे नेली, तिकडे रोवणी उशिरापर्यंत चालते. एकदा तपासून द्या म्हणून त्यांनी मलाही बोलावलं. मी एसटीनं गेलो. शेत मोठं होतं, बाया अनोळखी. रांगेत मधे मधे तीन बाया खोगीर घालून होत्या आणि त्यांच्या पाती इतरांपेक्षा सरळ सरळ रुंद होत्या. मी मालकाला विचारलं, ह्या पाती अशा काऊन? तो म्हणाला, "तुमच्याकडच्या बाईची फिल्म पाहिली ना आम्ही. मशीनवालीले एवढं जमलंच पाहिजे." रोजी तीच होती.

बाजूच्या बाया काही त्यांच्या पातीत हात घालत नव्हत्या. मशीनवालीला मदत कशाला? हे कोणी ठरवलं नव्हतं, पण साहजिकच होतं.

सुट्टीत त्यांतली एक माझ्याजवळ आली. तिचा चेहरा ओढलेला होता आणि ती पट्टा सोडून कमरेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. "भाऊ, तुमच्याकडच्या त्या बाईले खरंच झेपलं का जी?" तिनं विचारलं. "मलेच काऊन जमून नाही राहिलं?"

मी मशीन तपासण्याचं नाटक केलं. परतीच्या बसमध्ये मला माझी किळस आली.

रस्त्यात उतरून मी थेट ताईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच उखडली. "तू कायले गेला तिकडं? तुले कोणं सांगतलं होतं?" मग म्हणाली, मालकाची चूक आहे, आपली नाही. मग म्हणाली, त्या बाया तरी कशा, एकमेकींना धरत नाहीत. तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या होत्या. शेवटी तिनं विचारलं, "केवढी असंल ते बाई?"

"तुह्यापेक्षा लहान. पन्नास-बावन्न."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला की सासूबाई एकट्याच बसस्टॉपवर गेल्या आहेत. मी मोटरसायकल काढली आणि तिला फाट्यावर गाठलं. परत चल म्हणालो नाही. गाडी एका टपरीशी लावली आणि तिच्यासोबत बसमध्ये चढलो.

शेतात पोचल्यावर ताई पोरांसमोर उभी राहिली. "बाबू, मी तुमच्यासंग लबाडी केली," ती म्हणाली आणि प्लगपासून पातीपर्यंत सगळं सांगितलं. बाया कामं थांबवून ऐकत होत्या, मालकही ऐकत होता. मुलाचा चेहरा पडला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं.

"आता ते मशीन मले लावा," ताई म्हणाली. "चालू करून लावा. अन् मले एकटीले सोडा, पयल्या दिवशी सोडलं तसं. फिल्म काढा."

"मावशी, गरज नाही, आम्ही समजलो," मुलगी म्हणाली.

"तुमी समजल्या. हे मालक नाही समजले."

तिनं तासभर रोवलं. मोटर घर्र करायची, ताईची पाठ वर ओढली जायची, ती पुन्हा जोर लावून खाली वाकायची. पाय काढताना एकदा ती पाण्यात बसली आणि कोणाचा हात न धरता उठली. आयुष्यभर टोळीच्या पुढं राहिलेली बाई वीस-पंचवीस परक्या बायांसमोर एक-एक चूड लावत होती, आणि त्या धुऱ्यावरून पाहत होत्या. कोणी हसलं नाही. मला वाटत होतं मधेच जाऊन ते झाकण उपटून टाकावं.

मुलीनं टेप लावली. पहिल्या दिवशी मशीनशिवाय जेवढं झालं होतं, त्याहून कमी भरलं. टेप गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "मावशी, दुखतंय का?"

ताईला हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता, पोरानं, सुनेनं, मी. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. त्या दिवशी तिनं सगळ्या बायांकडे एकदा पाहिलं.

"दुखते," ती म्हणाली. "लय दुखते. लिवून घे."

त्याच दुपारी तिघींच्या पाती इतरांएवढ्या झाल्या. पोरं मशीनं परत घेऊन गेली. रोवणीसाठी वेगळं बनवू, असं मुलगी म्हणाली. बनवतीलही, मला खात्री नाही. ताईच्या गावच्या धानमालकाच्या कानावर सगळं गेलंच होतं, आणि पुढच्या हंगामात ताईला बोलावणं आलं नाही.

टोळी बांधीत उतरली त्या दिवशी मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. ती ओसरीवर बसली होती. दुरून गाणं ऐकू येत होतं, दुसऱ्या कोणीतरी लावलेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी लाखांदूरले तू मोठं काम केलं. सगळ्याईच्यानं नसतं झालं."

तिनं गाण्याच्या दिशेनं पाहिलं.

"मले मोठं काम नोको सांगू," ती म्हणाली. "मले माही पात पायजे होती."